समुद्र नसलेल्या देशातलं पोवळं

मागच्या वेळी आम्ही डोरलं, बुगडी, एकदाणी यांच्याविषयी बोललो. ते ऐकून गटातल्या एका ताईंनी विचारलं, "थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाया लाल पोवळं घालतात. त्यांच्या देशाला समुद्र नाही, मग पोवळं आलं कुठून?" प्रश्न खरा होता. आम्ही शोधायला बसलो.

पोवळं हा दगड नाही. समुद्रातले बारीक जीव आपल्या अंगाचा जो सांगाडा बांधतात, ते पोवळं. तिबेटात गेलेलं जुनं लाल पोवळं बरंचसं इटलीजवळच्या भूमध्य समुद्रातलं. तेराव्या शतकात फिरलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात नोंद आहे, की तिबेटात पोवळ्याला मोठा भाव मिळतो, आणि ते बायकांच्या व देवमूर्तींच्या गळ्यात घालतात. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले व्यापारी लिस्बनमार्गे आपल्या गोव्यात पोवळं पाठवत आणि बदल्यात हिरे नेत. गोव्यात उतरलेलं सगळंच तिबेटात गेलं असं नाही. पण हिंदुस्थानातून हिमालयापलीकडे पोवळं जात होतं. पुढे नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको गावातलं पोवळं कलकत्त्याला येऊ लागलं.

चांदीसुद्धा बरीच बाहेरची. इंग्रजांच्या काळातले रुपये तिबेटात चालत, आणि वितळवून त्यांचे दागिनेही घडत. ल्हासात नेपाळमधले नेवार कारागीर पिढ्यान् पिढ्या हे काम करत.

त्यांचा 'गाऊ' म्हणजे आपला ताईतच म्हणा ना. चांदीची छोटी डबी, आत मंत्राचा कागद किंवा पूजेची वस्तू, वर पिरोजा आणि पोवळं. लडाखमध्येही तीच जवळची संस्कृती. तिथला 'पेराक' कपाळापासून पाठीपर्यंत येतो, पिरोजांनी मढवलेला असतो, आणि आईकडून थोरल्या मुलीकडे जातो.

पण आम्हाला सगळ्यात आवडला तो आकडा. याक आणि मेंढ्या पाळणाऱ्या बाया दूध काढताना बादली कलंडू नये म्हणून ती कमरेच्या आकड्याला अडकवत. हळूहळू त्या आकड्यावर चांदी चढली, पोवळं बसलं, आणि तो सणावाराला मिरवायचा दागिना झाला. सुई ठेवायच्या नळीचंही तसंच. आपल्याकडे कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवायचा चांदीचा छल्ला असतो, त्याची आठवण झाली. कामाच्या वस्तूचा दागिना करायचं बाईलाच सुचावं!

तंबूत राहणाऱ्या माणसांना तिजोरी कुठली? जी शिल्लक असेल ती अंगावर. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो लोक डोंगर ओलांडून आले, तेव्हा हीच शिल्लक कामी आली. अनेकींनी वाटेत आणि इकडे आल्यावर दागिने विकले. पोटासाठी घाईत विकणाऱ्याला भाव कोण देणार? मग बायाही हिमालयात रस्त्याच्या कामाला गेल्या. त्याच वर्षी दार्जिलिंगला निर्वासितांचं स्वयंसहायता केंद्र सुरू झालं. नावातच स्वयंसहायता! गालिचे विणायचे, लोकर कातायची, माल विकायचा. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या दोघींनी दागिना मोडला. एकीने दवाखान्यासाठी, दुसरीने बियाण्यासाठी. घडणावळ बुडाली, वर घट कापली, ती वेगळीच. त्या दिवसापासून गटात ठरलंय, आधी गटाचं कर्ज बघायचं, सोनाराची पायरी नंतर. त्या तिबेटी बायांना तो पर्याय नव्हता.

आणखी एक. जत्रेत 'तिबेटी चांदी' म्हणून स्वस्तात मिळतं, त्यात बहुतेक वेळा चांदी जवळपास नसतेच. तांबं, जस्त, निकेल असं मिश्रण असतं. आमच्यातल्या एकीचं मनगट हिरवं पडलं. लाल मणीही पुष्कळदा काचेचे, प्लास्टिकचे किंवा रंगवलेले. हौसेला घ्या, पण शिल्लक म्हणून घेऊ नका. चांदी घेताना हॉलमार्क बघा आणि पावती मागा.

यंदा स्वेटरवाली आली की त्या ताई तिला दुधाच्या आकड्याबद्दल विचारणार आहेत. कळेल ते तुम्हाला सांगू.