कालांदा पीच

कालांदा पीच हे स्पेनच्या ईशान्येकडील आरागोन प्रदेशात होणारे, उशिरा पिकणारे पीच आहे. तेरुएल प्रांतातील कालांदा गावावरून त्यास हे नाव मिळाले. चित्रपट दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांचे हे जन्मगाव. लागवडीचे क्षेत्र तेरुएल व झारागोझा या दोन प्रांतांत विभागलेले आहे. भूमध्य सागरी प्रदेशातील बहुतेक पीच उन्हाळ्यातच संपतात. या पीचची काढणी मात्र सप्टेंबरच्या मध्यास सुरू होऊन ऑक्टोबर अखेरपर्यंत चालते. १९९९ पासून या नावास उगमस्थानदर्शक संरक्षण आहे.

वैशिष्ट्ये

हा काटेकोर अर्थाने एकच वाण नव्हे. ‘उशिरा पिकणारा पिवळा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक झाडांचा तो समूह असून, त्यातून जेस्का, एवायसा व कालांते हे प्रकार निवडण्यात आले आहेत. फळ मोठे व गोलसर असते. गर पिवळा, घट्ट, सुवासिक आणि कोयीस चिकटलेला असतो. संरक्षित नावाने विकल्या जाणाऱ्या फळाचा व्यास किमान ७३ मिलिमीटर आणि गोडी किमान १२ अंश ब्रिक्स असावी लागते. साल फिकट पिवळी असते. बाजारात पीचवरील लाली आकर्षक मानली जात असली, तरी येथे तिचा अभाव हीच अस्सलपणाची खूण होय.

लागवड

उशिरा पिकणे हा या फळाचा गुण आणि संकटही. उन्हाळाभर वाढलेली भूमध्य सागरी फळमाशी पिकू लागलेल्या फळांत अंडी घालते आणि अळ्या गर नासवतात. यावर शेतकऱ्यांनी काढलेला उपाय कष्टाचा आहे. प्रथम हाताने फळांची विरळणी करून दोन फळांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर राखतात. त्यानंतर जून-जुलैमध्ये झाडावरील प्रत्येक फळ स्वतंत्र कागदी पिशवीत घालून पिशवीचे तोंड आवळतात. काढणीपूर्वी किमान नऊ आठवडे फळ असे झाकलेले असते. त्यामुळे माशी, फवारणीचा अंश व थेट ऊन यांपासून त्याचे रक्षण होते. सालीचा फिकेपणाही यातूनच येतो. हे काम यंत्राने होत नसल्याने मजुरीचा खर्च मोठा असतो व फळाची किंमतही त्यामुळे वाढते.

फळ ताजे खातात, तसेच पाकात टिकवतात. साखर व दालचिनी घातलेल्या तांबड्या वाइनमध्ये मुरवलेले पीच हा आरागोनमधील पारंपरिक गोड पदार्थ आहे.