इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाची पात्रता

परभणी जिल्ह्यांत सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें गांव आहे. गांवांत एक जुनी दगडी बारव असून तिच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. शाळेंतील एखादा वर्ग या बारवेच्या कांठीं नेऊन उभा केला तर मुलें काय विचारतील, हें सांगण्यास पंडिताची गरज नाहीं. ही कोणीं बांधली, हा एक प्रश्न. पाणी आंत येतें कोठून, हा दुसरा. गाळ कोणीं काढावयाचा, गांवानें कीं सरकारनें, हा तिसरा. पहिला इतिहासाचा, दुसरा भूगोलाचा व तिसरा नागरिकशास्त्राचा. पण तिहींचें उत्तर देण्याचें काम बहुधा एकाच माणसावर पडतें. हा माणूस कोणती परीक्षा उतरलेला असावा, याविषयीं सरकारचीं मतें अनेकदां पालटलीं आहेत. त्याचीच ही हकीकत.

इंग्रजी मुलखांत १८५४ च्या वुडच्या खलित्यानें शिक्षकांस शिकविण्याची विद्या दिली पाहिजे, हें तत्त्व मान्य केलें. १८८२ च्या हंटर कमिशननें पुढचें पाऊल टाकलें. अध्यापनाचीं तत्त्वें व प्रत्यक्ष पाठ यांची परीक्षा घ्यावी, व तींत उतरणारासच दुय्यम शाळेंत कायम नेमावें, अशी त्याची शिफारस होती. मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघावयास मात्र १९०६ साल उजाडलें. मध्यें दोन तपें गेलीं.

वालूरला या साऱ्याचा वाराही लागला नाहीं, कारण परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथील सरकारी दुय्यम शाळांत शिक्षणाचें माध्यम उर्दू असे, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें तेंच माध्यम पदवीपर्यंत नेलें. म्हणजे या मुलखांत इतिहास शिकविणाराची पहिली पात्रता इतिहास नव्हे, उर्दू ही होती. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास आपल्याच मुलखाचा वृत्तांत परभाषेंतून शिकावा लागे. या स्थितीस उत्तर म्हणून ज्या खासगी शाळा निघाल्या, त्यांत आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परग्याची १९२१ ची राष्ट्रीय शाळा विशेष प्रसिद्ध आहे. तिचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर हेच पुढें संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. त्यांची पदवी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची. तिला त्या काळीं सरकारची मान्यता नव्हती. कागदोपत्रीं पाहिलें तर मराठवाड्यांतील हा थोर शिक्षक अपात्रच ठरला असता!

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राज्य संपलें. १९५४ मध्यें औरंगाबादेस सरकारी अध्यापक महाविद्यालय निघालें व १९५८ मध्यें मराठवाडा विद्यापीठ. याच सुमारास विषयाचें रूपही पालटलें. अमेरिकेंत १९१६ सालीं एका शिक्षण समितीनें इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांस एका छत्राखालीं आणलें होतें. ती कल्पना डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या १९५२-५३ च्या आयोगानें आपल्याकडे उचलली. पदवीधरास एक वर्षाचें व शालान्त परीक्षा उतरलेल्यास दोन वर्षांचें शिक्षण द्यावें, असेंही आयोगानें सुचविलें. शाळेंत विषय असा एकत्र बांधला गेला. कॉलेजांत मात्र त्याच्या वाटा पहिल्यासारख्याच निरनिराळ्या राहिल्या. त्यामुळें इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या तरुणास शाळेंत येतांच समोच्च रेषांचा नकाशा फळ्यावर काढावा लागे. वालूरच्या बारवेकडे बोट दाखवून, काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून पाणी कसें झिरपतें, हें त्याला कोणीं शिकविलेलें नसे. भूगोलाच्या पदवीधराची गत ग्रामपंचायतीच्या धड्यावर तशीच होई. ही अडचण आजही मिटलेली नाहीं, आणि ती मिटविण्याचें कोणाच्या मनांतही फारसें दिसत नाहीं.

महाराष्ट्रांत खासगी शाळांतील सेवकांसाठीं १९७७ चा कायदा व १९८१ ची नियमावली आली. तिच्या परिशिष्टांत शिक्षकांच्या पात्रता एकत्र व स्पष्टपणें मांडल्या गेल्या. त्यानंतर सूत्रें दिल्लीकडे गेलीं. १९९३ च्या कायद्यानें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेस अधिकार मिळाले, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें २३ ऑगस्ट २०१० रोजीं परिषदेनें पहिली ते आठवीच्या शिक्षकांस पात्रता परीक्षेची, म्हणजे टीईटीची, अट घातली. महाराष्ट्रांतील पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजीं झाली. नववी-दहावीसाठीं परिषदेनें २०१४ मध्यें ठरविलेली पात्रता अशी: पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेंत निदान ५० टक्के गुण, आणि बी. एड्. हा बी. एड्.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. नववीस टीईटीची अट मात्र नव्हती. एकाच इमारतींत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंस, आठवीचा इतिहास शिकविणारा व नववीचा इतिहास शिकविणारा यांना निरनिराळे नियम लागूं लागले.

पदरीं पात्रता असली तरी नोकरी लाभते असें नाहीं. २०१७ पासून भरतीसाठीं अभियोग्यता चाचणी वेगळी द्यावी लागूं लागली. नेमणूक झाली तरी पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून काढावयाचीं. माध्यमिक शाळेंतील त्याचें मानधन २०२३ मध्यें महिना ८,००० वरून १८,००० रुपये झालें. परभणी जिल्ह्यांतील उमेदवारांस आतां बी. एड्.ची पदवी मिळते ती नांदेडच्या विद्यापीठाची. १९९४ मध्यें स्थापन झालेल्या या विद्यापीठास नांव आहे स्वामी रामानंद तीर्थांचें.

१ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जुन्या शिक्षकांच्या प्रश्नाचा निर्णय दिला. शिक्षणहक्क कायद्यापूर्वीं नेमलेल्या ज्या शिक्षकांची पांच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनीं दोन वर्षांत टीईटी उतरावी, नाहीं तर नोकरी सोडावी. पांच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांस सूट मिळाली, पण बढती हवी तर परीक्षा त्यांनाही चुकली नाहीं. वीस-पंचवीस वर्षें मुलांचे पेपर तपासलेला पन्नाशीचा माणूस असा पुन्हां परीक्षार्थी झाला. घरीं मुलगा बी. एड्.चा अभ्यास करीत आहे व शेजारीं बाप टीईटीचा, असें दृश्य त्यामुळें अशक्य राहिलें नाहीं. सामाजिक शास्त्रें घेणाऱ्याच्या प्रश्नपत्रिकेंतील १५० गुणांपैकीं ६० त्याच्या विषयाचे. उरलेले ९० बालमानसशास्त्राचे व दोन भाषांचे. सारे प्रश्न बहुपर्यायी. चार उत्तरांतून एक निवडावयाचें, आणि राखीव प्रवर्गांची सवलत नसेल तर ९० गुण मिळवावयाचे.