शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठी

हरभरा, तूर, मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन, वाटाणा, लसूणघास अशा शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवर मातीतील विशिष्ट जिवाणूंच्या सहवासात तयार होणारा आणि हवेतील नायट्रोजन (नत्र) वनस्पतीच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणारा अवयव. गाठीत राहणाऱ्या जिवाणूंना व्यवहारात ‘रायझोबियम’ असे एकच नाव असले, तरी त्यांत रायझोबियम, ब्रॅडीरायझोबियम, मेसोरायझोबियम आदी अनेक प्रजाती येतात. शेतीविषयक लेखनात गाठींचे सारे श्रेय बहुधा जिवाणूला दिले जाते. गेल्या चार दशकांतील संशोधनातून दिसणारे चित्र वेगळे आहे. गाठ केव्हा धरायची, किती धरायच्या, आत ऑक्सिजन किती जाऊ द्यायचा आणि कोणत्या गाठीला पोसत राहायचे, हे मुख्यत्वे वनस्पती ठरवते. जिवाणू एकच काम करतो, पण ते काम वनस्पतीला स्वतः करता येत नाही. गाठींचे शेतीतील यशापयश समजण्यासाठी हा अधिकारक्रम ध्यानात घ्यावा लागतो.

इतिहास : इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी यांनी सतराव्या शतकात या गाठींची चित्रे काढली, पण त्या किडीमुळे किंवा रोगामुळे आलेल्या असाव्यात, अशी समजूत पुढे दीर्घकाळ टिकली. फ्रान्समध्ये झां-बातिस्त बुसँगो यांनी १८३८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत वाटाणा व क्लोव्हर या पिकांत नायट्रोजन वाढल्याचे आढळले, गव्हात मात्र ते आढळले नाही. याचे कारण हेर्मान हेलरीगेल व हेर्मान विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात स्पष्ट केले. निर्जंतुक वाळूत नत्राविना वाढवलेला वाटाणा उपाशी राहिला. त्याच वाळूत थोडा मातीचा अर्क घालताच मुळांवर गाठी आल्या आणि रोप सावरले. १८८८ मध्येच नेदरलँड्समधील मार्टिनस बायेरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढवला. जिवाणूवाचून नत्र स्थिर होत नाही हे या प्रयोगांनी सिद्ध केले. मात्र गाठ कोण घडवते, हा प्रश्न त्यांतून सुटला नव्हता.

गाठीची घडण : नत्राची चणचण असलेले मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड वर्गातील रसायने सोडते. ती ओळखणारा जिवाणू उत्तरादाखल ‘नॉड घटक’ नावाचे रेणू तयार करतो. कायटिनसारख्या साखळीला मेदाम्ल जोडलेल्या या रेणूची रचना १९९० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उलगडली. प्रत्येक जिवाणूच्या नॉड घटकावरील सजावट थोडी निराळी असते आणि मूळरोमावरील ग्राही प्रथिने ती पारखतात. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, याचे हे एक मुख्य कारण. ओळख पटली की मूळरोम वळून जिवाणूला कवेत घेतो, त्याच्या भित्तीतून आत जाणारी एक नळी तयार होते आणि त्याच वेळी मुळाच्या आतल्या थरातील पेशी विभागू लागतात. नळी तेथे पोहोचल्यावर जिवाणू पेशींत उतरतात, पण प्रत्येकाभोवती वनस्पतीचे पटल असतेच. भुईमुगात ही वाट वेगळी आहे: तेथे जिवाणू उपमुळे फुटताना पडलेल्या भेगांतून शिरतात. सोयाबीन, मूग, चवळी यांच्या गाठी गोल असून त्यांची वाढ ठरावीक काळानंतर थांबते. हरभरा, वाटाणा, लसूणघास यांच्या गाठींच्या टोकाशी विभाजनशील ऊती टिकून राहते, म्हणून त्या लांबट किंवा फाटे फुटलेल्या दिसतात. गाठीचा आकार जिवाणूवर नाही, तर वनस्पतीच्या जातीवर अवलंबून असतो.

याहून थेट पुरावा जिवाणूरहित गाठींचा आहे. १९९१ मध्ये लसूणघासाच्या मुळांना केवळ शुद्ध नॉड घटक दिल्यावर गाठी धरल्या. २००६ मध्ये लोटस व मेडिकॅगो या प्रायोगिक वनस्पतींत कॅल्शियमचे संकेत वाचणारे एक प्रथिन कायम कार्यरत राहील असा बदल अभ्यासला गेला, तेव्हा एकही जिवाणू नसताना गाठी तयार झाल्या. गाठीचा आराखडा वनस्पतीच्या जनुकांतच आहे; जिवाणू तो सुरू करणारा संकेत देतो. याच संकेतमार्गाचा मोठा भाग मुळे आणि मायकोरायझा बुरशी यांच्या कितीतरी प्राचीन सहजीवनातही वापरला जातो. शेंगावर्गीयांनी जुनी यंत्रणा नव्या कामाला लावली, असा निष्कर्ष यावरून निघतो. म्हणूनच केवळ शेंगा येतात म्हणून गाठी येतील असे नाही. बहावा, टाकळा व चिंच शेंगावर्गीय कुळातील असूनही गाठी धरत नाहीत.

वनस्पतीचे नियंत्रण : नत्र स्थिर करणे महागडे आहे. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी (ऊर्जावाहक) रेणू खर्ची पडतात आणि ही ऊर्जा पानांनी बनवलेल्या शर्करेतून येते. त्यामुळे वनस्पती गाठींची संख्या आवरते. पहिल्या गाठी धरल्या की मुळे लहान पेप्टाइडे वर पाठवतात, पानांतील ग्राही प्रथिन ती ओळखते आणि नव्या गाठी थांबवण्याचा संदेश खाली येतो. हे ग्राही प्रथिन बिघडलेल्या सोयाबीनच्या वाणांना बेसुमार गाठी येतात. त्यांच्या खुंटावर साध्या सोयाबीनचे कलम केले, तर गाठी पुन्हा आटोक्यात राहतात. म्हणजे मुळावरचा निर्णय शेंड्याकडून होतो. मातीत नायट्रेट मुबलक असेल तेव्हाही वनस्पती गाठी धरण्याचे टाळते.

गाठीच्या आतही तेच दिसते. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे जिवाणूचे विकर ऑक्सिजनने निकामी होते, पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन हे रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते असलेले तांबडे प्रथिन ऑक्सिजन बेताने पुरवून ही अडचण सोडवते, आणि ते वनस्पतीच्या जनुकांपासून बनते. गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही, ही शेतातील परीक्षा याच प्रथिनावर आधारलेली आहे. वाटाणा, हरभरा व लसूणघास यांच्या गाठींत तर वनस्पतीची पेप्टाइडे जिवाणूचे असे रूपांतर करतात, की त्याला नंतर विभाजन करता येत नाही.

आक्षेप व उत्तरे : या प्रतिपादनावर पहिला आक्षेप असा, की ईशिनोमेनी प्रजातीच्या काही पाणथळ वनस्पतींवर गाठी धरणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमकडे नॉड घटक बनवणारी नेहमीची जनुकेच नाहीत, हे २००७ मध्ये दिसून आले, मग संकेत पारखणाऱ्या वनस्पतीचे महत्त्व कसे राहिले? परंतु तेथेही वनस्पतीच्या संकेतमार्गातील पुढची प्रथिने दाबली तर गाठी घटतात. दार बदलले, तरी घराची रचना वनस्पतीचीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियंत्रण वनस्पतीकडे असेल, तर अनेक शेतांत नत्र न देणारे जिवाणू गाठी बळकावून कसे बसतात? याचे उत्तर असे, की प्रवेशाच्या वेळी वनस्पती संकेत तपासू शकते, कामाचा दर्जा नाही. दर्जाची पारख नंतर होते. २००३ मध्ये सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतील नायट्रोजन काढून तेथे आर्गॉन भरण्यात आला. नत्र स्थिर करता न आल्याने फुकट बसलेल्या त्या गाठींचा ऑक्सिजन कमी झाला आणि तेथील जिवाणूंची वाढ खुंटली. ही शिक्षा उशिरा होते आणि एकाच गाठीत चांगले-वाईट जिवाणू मिसळले असतील तर ती बोथट होते, हे मान्य केले पाहिजे. वनस्पतीचे नियंत्रण खरे आहे, सर्वंकष नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारातून येतो: वनस्पतीच कर्ती असेल, तर पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धक लावण्याची बीजप्रक्रिया कशाला? सुसंगत जिवाणूच नसेल तर वनस्पतीच्या आराखड्याला चालना मिळत नाही, म्हणून जेथे ते पीक पूर्वी झालेले नाही तेथे बीजप्रक्रियेचा लाभ ठळक असतो. जेथे तेच पीक वर्षानुवर्षे घेतले जाते, तेथे मातीत रुळलेले जिवाणू बहुतेक गाठी व्यापतात आणि संवर्धकाचा परिणाम मंदावतो. महाराष्ट्रात १० ते १५ किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक, तेही बुरशीनाशक आधी लावून, अशी शिफारस असते. हा खर्च किरकोळ असल्याने बीजप्रक्रिया करणे शहाणपणाचेच आहे. पण पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत, स्फुरद (फॉस्फरस) किंवा मॉलिब्डेनम कमी असताना, अथवा युरियाची मात्रा अतोनात दिल्यावर कोणतेही संवर्धक गाठी कामाला लावू शकत नाही. हरभऱ्याला पेरणीवेळी हेक्टरी २० ते २५ किलोच नत्र सुचवले जाते, ते गाठी कार्यरत होईपर्यंतच्या गरजेपुरते.

बेवडाचा, म्हणजे आधीच्या पिकामुळे पुढच्या पिकाला होणाऱ्या लाभाचा, हिशेबही याच दृष्टीने मांडावा लागतो. गाठींतला नत्र आधी वनस्पतीच्या स्वतःच्या वाढीला जातो; जिवंत मुळांतून मातीत पाझरणारा अंश थोडा असतो. सोयाबीनमध्ये नत्राचा मोठा वाटा दाण्यांत साठतो आणि दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. उलट तुरीचा भरपूर पालापाचोळा जमिनीवर गळतो व मुळे तेथेच कुजतात. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते, यामागे हा कुजणारा अवशेष, पिकाने न उचललेले मातीतील नायट्रेट आणि फेरपालटीने तुटलेले रोगांचे चक्र यांचा एकत्रित हातभार असतो. शेंगावर्गीय पीक घेतले म्हणजे जमीन आपोआप समृद्ध होते, हे गृहीतक म्हणून अपुरे आहे. गाठी ही वनस्पतीने स्वतःच्या गरजेसाठी उभारलेली व्यवस्था आहे. तिचा लाभ जमिनीला मिळावा असे वाटत असेल, तर गाठींना हवा, स्फुरद व योग्य जिवाणू पुरवणे आणि काढणीनंतर अवशेष शेतातच ठेवणे, ही दोन्ही कामे शेती करणाऱ्याला करावी लागतात.