कॅन्डिडा रॉयाल आणि एका विधेचे व्याकरण

१

कोणत्याही साहित्यप्रकाराचा वा चित्रपटप्रकाराचा इतिहास लिहिताना समीक्षा सामान्यतः त्या प्रकारातील श्रेष्ठ कृतींचा माग घेत जाते. ज्या प्रकारात श्रेष्ठ कृती संभवतच नाहीत असे गृहीत धरले जाते, त्याचा इतिहास मात्र न्यायाधीश, समाजशास्त्रज्ञ आणि नीतिरक्षक यांच्या हाती जातो. अमेरिकेत केवळ प्रौढांसाठी निर्माण होणाऱ्या कामोत्तेजक चित्रपटांच्या बाबतीत (यापुढे सोयीसाठी त्यांना ‘कामपट’ म्हटले आहे) नेमके हेच घडले. हा प्रकार असावा की नसावा, या प्रश्नावर विपुल लेखन झाले. तो रचला कसा जातो, त्यात कोणाची नजर गृहीत असते, दृश्य कोठे सुरू होते आणि कोठे संपले असे मानले जाते, हे प्रश्न दीर्घकाळ विचारलेच गेले नाहीत.

कॅन्डिडा रॉयाल (१९५०–२०१५) हिने हे प्रश्न विचारले. ती समीक्षक नव्हती. प्रथम अभिनेत्री आणि पुढे दिग्दर्शक व निर्माती म्हणून ती या व्यवसायातच वावरली. तिची कारकीर्द म्हणजे एखाद्या विधेच्या आत राहून त्या विधेचे संकेत बदलता येतात काय, याची सुमारे तीन दशके चाललेली परीक्षा होती. त्या दृष्टीने तिच्या चरित्राकडे पाहणे अगत्याचे ठरते.

२

तिचे मूळ नाव कॅन्डिस व्हाडाला. जन्म न्यूयॉर्कमधला. वडील जॅझ संगीतातील ढोलवादक होते. आई ती तान्ही असतानाच घर सोडून गेली. न्यूयॉर्कमधील कला-शिक्षणसंस्थांत तिने चित्रकलेचे शिक्षण घेतले. संगीत व नृत्याचेही संस्कार तिच्यावर होते. महाविद्यालयीन काळात ती स्त्रीमुक्तीच्या चळवळीत ओढली गेली. ही बाब महत्त्वाची आहे, कारण कामपटांतील स्त्री आणि चळवळीतील स्त्री या दोन परस्परविरोधी कोटी होत, असे पुढील वादात गृहीत धरले गेले. रॉयालच्या बाबतीत क्रम उलटा होता. चळवळ आधी आली, कॅमेरा नंतर.

१९७०च्या दशकाच्या आरंभी ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. तेथील ‘एंजल्स ऑफ लाइट’ या विनामूल्य प्रयोग करणाऱ्या, रूढ लिंगभेदांची थट्टा उडवणाऱ्या नाट्यसमूहात ती गाऊ-नाचू लागली. अशा रंगभूमीवर पोट भरत नसे. नग्न मॉडेल म्हणून काम शोधता शोधता ती कामपटांपर्यंत पोहोचली आणि १९७५ पासून १९८०पर्यंत अनेक चित्रपटांत तिने भूमिका केल्या. ‘ब्लू मॅजिक’ (१९८१) ची पटकथाही तिचीच होती आणि अभिनेत्री म्हणून तिचा हा शेवटचा महत्त्वाचा चित्रपट ठरला. १९८०मध्ये पेर स्योस्टेट या स्वीडिश निर्मात्याशी तिचा विवाह झाला होता.

पुढे मानसोपचाराच्या आधारे तिने स्वतःच्या या वर्षांचा झाडा घेतला. लैंगिक क्रियेचे चित्रण मुळात लज्जास्पद आहे असे तिला वाटले नाही. त्या चित्रणातून तिला स्वतःचा अनुभव मात्र कोठेच सापडला नाही. ज्या दृश्यांत ती शरीराने उपस्थित होती, त्या दृश्यांत तिच्या सुखाला रचनेच्या दृष्टीने काहीच स्थान नव्हते. तिच्या पुढील सर्व कामाचे बीज या निरीक्षणात आहे.

३

या निरीक्षणाला अनुकूल म्हणावा असा तो काळ नव्हता. १९७२च्या ‘डीप थ्रोट’ने कामपटाला शहरी मध्यमवर्गात काहीसे फॅशनचे स्थान मिळवून दिले होते, परंतु त्याच चित्रपटाच्या नायिकेने १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्डील’ या आत्मकथनात आपल्यावर जबरदस्ती झाल्याचे लिहिले. तत्पूर्वी, १९७९मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ ही संघटना उभी राहिली होती. १९८१मध्ये अँड्रिया ड्वॉर्किनचा ‘पोर्नोग्राफी: मेन पझेसिंग विमेन’ हा ग्रंथ आला. ड्वॉर्किन आणि कायदेपंडित कॅथरिन मॅकिनन यांनी कामपटाला स्त्रियांच्या नागरी हक्कांचा भंग ठरवणारा कायदा रचला. मिनीआपोलिसच्या नगरपरिषदेने १९८३मध्ये तो संमत केला, पण महापौरांनी त्यावर नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिसमध्ये १९८४ साली झालेला तसाच कायदा १९८५मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

दुसऱ्या बाजूला एलेन विलिससारख्या स्त्रीवादी लेखिका होत्या. स्त्रीच्या कामेच्छेला धोका मानणारी आणि तिच्या रक्षणासाठी राज्यसंस्थेला पाचारण करणारी भूमिका शेवटी जुन्याच नैतिकतेला बळ देते, असे त्यांचे म्हणणे होते. १९८२च्या बर्नार्ड महाविद्यालयातील परिषदेत ही फूट उघडी पडली.

या वादात एक उणीव दोन्ही बाजूंना समान होती. दोन्हीकडे कामपट हा एक अखंड, अपरिवर्तनीय पदार्थ म्हणून वावरत होता. एका बाजूला तो हिंसेचे शास्त्र होता, दुसऱ्या बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे उदाहरण. त्याच्यातील स्त्रिया एका बाजूला बळी ठरत, तर दुसऱ्या बाजूला मुक्त व्यक्ती. त्या स्वतः काय म्हणतात, हे ऐकण्याची सोय कोणत्याच व्यासपीठावर नव्हती.

ती सोय त्यांनी स्वतःच केली. १९८३मध्ये व्हेरोनिका हार्ट या अभिनेत्रीच्या डोहाळजेवणासारख्या समारंभासाठी काही मैत्रिणी न्यूयॉर्कमधील अ‍ॅनी स्प्रिंकलच्या घरी जमल्या. त्या घराच्या क्रमांकावरून ‘क्लब ९०’ हे नाव पडलेला त्यांचा गट पुढे अनेक वर्षे टिकला. रॉयाल, हार्ट आणि स्प्रिंकल यांच्याखेरीज ग्लोरिया लेनर्ड व व्हेरोनिका व्हेरा त्यात होत्या. स्त्रीमुक्ती चळवळीने रूढ केलेली, एकत्र बसून स्वतःच्या अनुभवांना शब्द देण्याची पद्धती या गटाने जशीच्या तशी स्वीकारली. १९८४मध्ये ‘फ्रँकलिन फर्नेस’ या कलासंस्थेत, स्त्रीवादी कलावंतांच्या ‘कार्निव्हल नॉलेज’ या समूहाने भरवलेल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, ‘डीप इनसाइड पोर्न स्टार्स’ हा प्रयोग या गटाने केला. अ‍ॅनी स्प्रिंकलची बैठकीची खोलीच त्यांनी मंचावर आणली आणि आपली व्यावसायिक वेशभूषा उतरवून प्रेक्षकांसमोर रोजच्या स्त्रिया म्हणून त्या बोलल्या. स्त्रीवादी कामपट संभवतो काय, हा प्रश्न त्या प्रदर्शनाने जाहीरपणे मांडला होता.

४

त्याच वर्षी रॉयालने लॉरेन नीमी हिच्या सहकार्याने ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली. या घटनेमागचे तांत्रिक कारणही लक्षात घेतले पाहिजे. कामपट आतापर्यंत विशिष्ट चित्रपटगृहांत दाखवला जात होता आणि तेथील प्रेक्षक जवळजवळ संपूर्णतः पुरुष होता. व्हिडिओ कॅसेटमुळे तो घरात आला. घरात स्त्री होती. ही स्त्री ग्राहक होऊ शकते, हे रॉयालने ओळखले. आणि ग्राहक बदलला तर कृतीची घडणही बदलावी लागेल, हा निष्कर्ष तिने काढला.

तिने जे बदलले ते प्रामुख्याने व्याकरण होते. १९७०च्या दशकातील कामपटाचा एक अढळ संकेत म्हणजे प्रत्येक दृश्याच्या अखेरीस पुरुषाच्या स्खलनाचे समीपदृश्य. ते कृतीच्या खरेपणाचा पुरावा मानले जाई आणि दृश्याचा पूर्णविरामही तेच असे. रॉयालने ते वगळले. वरकरणी हा केवळ एका चित्रचौकटीचा त्याग वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे दृश्याची कालरचनाच बदलते. पूर्णविराम काढून घेतल्यावर वाक्य कोठे संपवायचे, हा प्रश्न निर्माण होतो. तिच्या चित्रपटांत दृश्य पुढे रेंगाळते, स्पर्श सुरू राहतो, पात्रे एकमेकांशी बोलतात. कॅमेरा अवयवांवरून चेहऱ्याकडे आणि हातांकडे वळतो. समीपदृश्याने शरीराचे जे तुकडे पाडले होते, त्यांतून पुन्हा एक व्यक्ती उभी करण्याचा हा प्रयत्न होता.

‘फेम’ (१९८४) आणि ‘अर्बन हीट’ (१९८४) हे आरंभीचे चित्रपट सुट्या प्रसंगांचे आहेत. संवाद अल्प आणि संगीत अधिक, असे त्यांचे स्वरूप आहे. त्यांत संकेत मोडलेला दिसतो, पण त्याच्या जागी नवी रचना अजून आलेली नाही. ‘थ्री डॉटर्स’ (१९८६) मध्ये ती येते. येथे एक कुटुंब आहे, तीन मुली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांचाही एकमेकांविषयीचा ओढा नव्याने जागा होतो. प्रौढ दांपत्याच्या प्रेमाला स्थान देणे ही या प्रकारात नवलाची गोष्ट होती. ज्या विधेत पात्रांना भूतकाळ नसतो, तेथे तिने संसाराचा भूतकाळ आणला. एड्सच्या सावटात निरोधाचा वापर दृश्याचाच भाग करणाऱ्या आरंभीच्या दिग्दर्शकांतही तिची गणना होते. ‘क्लब ९०’मधील मैत्रिणींनाही दिग्दर्शनाची संधी तिने एका स्वतंत्र मालिकेद्वारे दिली.

समीक्षेने या कामाची पहिली गंभीर दखल घेतली ती लिंडा विल्यम्स यांच्या ‘हार्ड कोर’ (१९८९) या ग्रंथात. कामपट ही संगीतिकेप्रमाणे स्वतःचे संकेत असलेली एक विधा आहे आणि तिचे वाचन त्या संकेतांच्या आधारे करता येते, ही त्यांची मांडणी. ‘फेम’च्या चित्रपटांकडे त्यांनी या विधेचे स्त्रीच्या बाजूने केलेले पुनर्लेखन म्हणून पाहिले. रॉयालने जे निर्मितीत केले होते, त्याला येथे सिद्धान्ताची भाषा मिळाली.

५

या पुनर्लेखनाच्या मर्यादा दुर्लक्षून चालणार नाहीत. मृदू प्रकाश, मंद संगीत, सुसज्ज घरे आणि परस्परांविषयी हळवी असलेली जोडपी यांतून ‘फेम’ची स्वतःची एक चाकोरी तयार झाली. स्त्रीची कामेच्छा म्हणजे कोमलता, हा जुनाच समज तिने काही अंशी दृढ केला, हा आक्षेप निराधार नाही. ज्या स्त्रियांची कल्पना उग्र किंवा बेशिस्त असते, त्यांना या पडद्यावर जागा कमी होती. शिवाय ही स्त्री बहुतांशी गोरी व मध्यमवर्गीय होती. ‘फेम शोकोला’ ही स्वतंत्र शाखा काढून ‘अफ्रोडाइट सुपरस्टार’ (२००७) चे दिग्दर्शन एका कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेकडे सोपवणे ही या उणिवेची उशिरा दिलेली कबुलीच होती.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. रॉयालने विधेचे व्याकरण बदलले. तिचे अर्थकारण बदलणे एका लहान संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. व्हिडिओने जी वाट उघडली, ती महाजालावरील फुकट चित्रफितींनी २००६–०७ नंतर आक्रसून टाकली. कथा, पात्र आणि कालावकाश यांवर उभ्या असलेल्या चित्रपटाच्या जागी काही मिनिटांचे तुकडे आले. समीपदृश्याने शरीराचे तुकडे केले होते. आता खुद्द कृतीचेच तुकडे झाले.

तरीही तिचा प्रयत्न निष्फळ ठरला असे म्हणता येणार नाही. टोरांटोमध्ये २००६पासून दिले जाऊ लागलेले स्त्रीवादी कामपटांचे पुरस्कार आणि २०१३चा ‘द फेमिनिस्ट पोर्न बुक’ हा लेखसंग्रह यांची पूर्वपीठिका तिच्याशिवाय लिहिता येत नाही. त्या संग्रहात तिचाही लेख आहे. १९८४मध्ये जो प्रश्न होता, त्याला तीस वर्षांत परंपरा लाभली.

६

७ सप्टेंबर २०१५ रोजी अंडाशयाच्या कर्करोगाने रॉयालचे निधन झाले. अखेरच्या काळात ती तान्हेपणी दुरावलेल्या आईचा शोध घेत होती. आईही त्याच रोगाने गेल्याचे तिला कळले.

लहानपणापासून तिने दैनंदिनी लिहिली होती. त्या दैनंदिन्या, पत्रे व व्यवसायाची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयात जतन झाली. त्यांच्या आधारे इतिहासकार जेन कॅमेन्स्की यांनी लिहिलेले तिचे चरित्र २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. तळातून लिहिलेला लैंगिक क्रांतीचा इतिहास, असे त्याच्या उपशीर्षकाने सुचवले आहे. बळी आणि मुक्त व्यक्ती या दोन्ही कोटी या आयुष्याला अपुऱ्या पडतात. पैशाची गरज, महत्त्वाकांक्षा, कुतूहल, आत्मवंचना आणि पुढे तिची झालेली जाणीव, असे सर्वच त्यात एकत्र नांदते.

त्याच ग्रंथालयात अँड्रिया ड्वॉर्किनची कागदपत्रे आहेत आणि ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’चे दप्तरही आहे. हयातीत ज्यांनी एकमेकींचे म्हणणे क्वचितच ऐकून घेतले, त्यांचे लेखन आता एका छताखाली अभ्यासकाची वाट पाहते. ड्वॉर्किनने या विधेतील हिंसा वाचली. रॉयालने त्याच विधेत कधीच न लिहिले गेलेले काहीतरी लिहू पाहिले. पहिले वाचन नसते तर दुसऱ्या लेखनाची निकड भासली नसती. दुसरे लेखन नसते तर पहिले वाचन हाच अखेरचा शब्द ठरला असता. या विधेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्या ग्रंथालयात दोन्ही दप्तरे मागवावी लागतील.