हात आणि कान यांच्यामधलं अंतर : घरातल्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडच्या तरुण मंडळींचा एक प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. घरी अहिराणी गाणं रेकॉर्ड करायचंय, ऑडिओ इंटरफेस कोणता घेऊ? आता मी इतिहासाचा माणूस, दुकानदार नाही. पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इतिहासातच आहे, म्हणून आज तो विषय घेतोय.

सुरुवात आसोद्यापासून करू. बहिणाबाई चौधरी १८८० साली तिथे जन्मल्या, लग्न होऊन जळगावला आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ यांनी ती कागदावर उतरवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. म्हणजे शब्द वाचले. पण त्या नेमक्या कुठे थांबायच्या, कुठला स्वर लांबवायच्या, हे कागद सांगत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचंही तसंच. तिथे जुने कागद जिवापाड सांभाळले गेले. कागद सांभाळणारी माणसं खानदेशात होती, आवाज सांभाळणारं यंत्र मात्र दूर होतं.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि गौहर जानच्या तबकड्या केल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, एक मोठा कर्णा होता. गाणारी बाई, सारंगी, तबला, सगळे त्या कर्ण्यापुढे दाटीनं बसत. चूक झाली की तबकडी पहिल्यापासून. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तबलजीला गाणं ऐकू येत होतं ते थेट हवेतून. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. दोन हातांवर बसलेल्या माणसाला तो दोन-तीन मिलिसेकंदांत पोहोचतो. एवढा उशीर कानाला कळतच नाही.

अडचण सुरू झाली ती एकाच गाण्यावर पुन्हा दुसरा आवाज चढवायचा ठरवलं तेव्हा. टेपच्या यंत्रात आवाज लिहिणारं हेड एका जागी आणि वाचणारं त्याच्या पुढे. समजा मध्ये दोन इंच अंतर आहे आणि टेप सेकंदाला १५ इंच पळतेय. मग आधीचं गाणं ऐकत तुम्ही वाजवलंत, तर नवं वादन १३३ मिलिसेकंद मागे पडलेलं निघणार. अँपेक्स कंपनीत १९५५ च्या सुमारास रॉस स्नायडरनं यावर तोडगा सुचवला: लिहिणाऱ्या हेडकडूनच आधीचे ट्रॅक वाचून घ्यायचे. त्याला सेल-सिंक म्हणतात. १९५७ मध्ये तसं आठ ट्रॅकचं यंत्र गिटारवादक लेस पॉलकडे गेलं. पुढे १९७९ मध्ये कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ आलं आणि ही सोय घरात पोहोचली. अर्थात ज्याला ते परवडत होतं त्याच्या घरात. आपल्याकडचा गायक तेव्हा आकाशवाणीची वाट बघायचा, नाहीतर पैसे जमवून नाशिक, पुणे, मुंबईचा स्टुडिओ गाठायचा. तिथे घड्याळ लावून बसायचं.

मग कॉम्प्युटर आला, आणि टेपनं सोडवलेला प्रश्न परत उभा राहिला. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, बादली भरून घेतो. त्या बादलीला बफर म्हणतात. ती भरेपर्यंत तुम्ही थांबायचं, बाहेर पडताना परत थांबायचं. त्यात विंडोजच्या आतल्या थरांचा वेळ वेगळा. १९९७ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीनं एएसआयओ ही पद्धत काढली, तिनं हे मधले थर टाळून प्रोग्रामला थेट कार्डाशी बोलता आलं. घरगुती स्टुडिओचा खरा रस्ता तिथून मोकळा झाला.

एक प्रसंग सांगतो. धुळ्याकडच्या एका घरात एक ढोलकीवाला रेकॉर्डिंगला बसला होता. लग्नाच्या वरातीत रात्रभर वाजवून ताल न सोडणारा माणूस. हेडफोन लावला आणि सारखा पुढे पळायला लागला. पोरं म्हणाली, "काकांचा हात गेला आता." काका गप्प झाले. मग कोणीतरी बफर बघितला. १०२४! सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं जाताना २३ मिलिसेकंद, येताना २३. म्हणजे मांडीवरची ढोलकी त्यांना १६ मीटरवरून ऐकू येत होती. उशीर भरून काढायला ते बिचारे घाई करत होते. दोष यंत्राचा होता, आणि मान खाली गेली माणसाची. हिशेब माहीत नसला की असं होतं.

तर आता निवड. पहिलं, इंटरफेसला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का ते बघा. एएसआयओफोरऑल हा मधला जुगाड आहे, कामाला येतो, पण त्याच्या भरवशावर खरेदी करू नका. दुसरं, बफर १२८ वर ठेवून तुमच्याच लॅपटॉपवर आवाज तडतडतो का ते पाहा. ४८,००० च्या दरानं १२८ म्हणजे एका बाजूला २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन सगळं मिळून दहाच्या आत राहिलं तर ढोलकीवाला तक्रार करणार नाही. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. आउटपुटची वायर इनपुटला जोडा, एक टिक वाजवून ती रेकॉर्ड करा आणि किती मागे पडली ते मोजा. तिसरं, डायरेक्ट मॉनिटरचं बटण हवंच. त्यात तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. सेल-सिंकनं जे दुखणं बरं केलं, त्यावरचाच हा दुसरा उपाय. चौथं, माइकचे दोन इनपुट घ्या, कारण ढोलकीला आणि संबळालाही दोन तोंडं असतात. आणि यूएसबीवर चालणारा घ्या, म्हणजे वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरं होतं.

शेवटी एवढंच. हा सगळा खटाटोप एकावर एक ट्रॅक चढवणाऱ्यांसाठी आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, त्या म्हाताऱ्या बायकांना हेडफोन लागत नाही आणि लेटन्सीशी त्यांना घेणं नाही. त्यांच्यापुढे असेल तो माइक ठेवा, नाहीतर मोबाइल ठेवा, आणि गाऊ द्या. इंटरफेस पुढच्या महिन्यातही मिळेल. बहिणाबाईंच्या वेळी यंत्र नव्हतं, ही सबब आता आपल्याला नाही.