डोंबिवली स्थानक आणि एकोणीस एक

बोरीबंदरहून निघालेली गाडी परळ, दादर मागे टाकून कल्याणकडे धावू लागली की वाटेत डोंबिवली लागते. या स्थानकाचे नाव अंकगणितात गेले आहे, हे तेथे रोज चढउतार करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना ज्या संख्यांची कल्पना येथे सुचली, त्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. कापरेकर म्हटले की आपल्याला ६१७४ आठवते आणि आपले कौतुक बहुधा तेथेच संपते.

डेम्लो संख्यांतील सर्वांत देखण्या संख्या केवळ १ हा अंक मांडून केलेल्या संख्यांच्या वर्गांतून येतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक आला की हातचा येतो आणि मनोरा ढासळतो. विद्वानांनी याला दीर्घकाळ करमणूकच मानले. हे गुण संख्येचे नव्हेत, दशमान लेखनाचे आहेत, हा त्यांचा आक्षेप. तो सर्वस्वी खोटा नाही.

परंतु वर्ग बाजूला ठेवून त्यांच्या पायाच्या संख्याच पाहाव्यात. सहा एक म्हणजे ११ गुणिले १०१०१. एकांची गणती विभाज्य असली की ती संख्याही विभाज्यच. गणती मूळ असली तरी खात्री नाही : १११ म्हणजे ३ गुणिले ३७, पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात, अकरा, तेरा, सतराही असेच फसवतात. एकोणीस एकांची संख्या मात्र मूळ आहे. तिचा भाजक शोधायचा तर सुमारे १०५ कोटींपर्यंत जावे लागते. दिलासा इतकाच, की ३८ ने भागून बाकी १ उरते अशाच मूळ संख्या तपासाव्या लागतात. संगणक नसताना, १९१६ साली, ऑस्कर हॉप यांनी ती मूळ असल्याचे सिद्ध केले. कापरेकर तेव्हा अकरा वर्षांचे होते.

आता द्विमानात तेच करून पाहा. तेथे केवळ एकांनी लिहिलेल्या मूळ संख्या म्हणजे सुप्रसिद्ध मर्सेन मूळ संख्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या द्विमानात १३,६२,७९,८४१ एकांची आहे; दशमानात तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. ज्याला खेळ म्हणून हिणवले ते रूप असे या शास्त्राच्या माजघरातच बसलेले आहे!

दशमानातील १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स आणि डबनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. कापरेकर गेले ते त्याच वर्षी. ४९,०८१ एकांच्या संख्येची सिद्धता व्हायला २०२२ उजाडले. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.