गुणसूत्र

एके काळी भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या रायपुरात, पुरानी बस्तीतल्या मराठी घरांत सोयरिकीची बोलणी निघाली की पत्रिकेतील गुणांबरोबर हल्ली ‘गुणसूत्र’ हा शब्दही कानी पडतो. ‘सूत्र’ म्हणजे दोरा हे सर्वश्रुत आहे. परंतु संस्कृतात ‘गुण’ याचाही एक अर्थ दोरा, धनुष्याची दोरी असाच आहे, हे किती मनोहर! वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये, पेशीतील हे धागे रंग चटकन शोषतात म्हणून, ग्रीक भाषेतील ‘रंग’ आणि ‘देह’ या शब्दांवरून ‘क्रोमोसोम’ हे नाव घडविले. गुजरातीने ‘रंगसूत्र’ म्हणून तो रंग जपला, तर मराठीत रूढ झालेल्या शब्दाने धाग्याचे कार्य ओळखले, आणि मला तोच अधिक अन्वर्थक वाटतो. कारण शरीरपेशीतील ४६ धागे, २३ मातेकडून व २३ पित्याकडून आलेले, आनुवंशिकतेचे सारे दप्तर वाहतात. या मुलखात पुष्कळ आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा दोष अकराव्या धाग्यावरील एका जनुकातल्या एकाच अक्षराचा. मातापिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारांत एक. बोलण्यात ‘जनुक’ व ‘गुणसूत्र’ सर्रास एक मानले जातात. वस्तुतः एका गुणसूत्रावर शेकडो जनुके असतात. पत्रिका अवश्य पाहावी. पण वधूवरांची रक्ततपासणी त्याआधी करून घ्यावी.